आजोबांचा वस्तरा: नवा करून घ्यावा, की धार लावून तसाच वापरावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात जुने वस्तरे अजून बरेच निघतात. मिलमध्ये नोकरी केलेल्या आजोबांच्या ट्रंकेत, बाळीवेशीतल्या एखाद्या वाड्याच्या फडताळात, नाहीतर सलून चालवणाऱ्या घरात धोकटीच्या तळाशी. माझ्याकडे फोटो येतो आणि खाली एक ओळ असते: "मालक, हे नीट होतंय का बघा." बहुतेकांना नीट म्हणजे आरशासारखं चकचकीत हवं असतं. माझा हट्ट उलटा आहे. आधी धार लावा, चार दाढ्या करा, पॉलिशचं नंतर बघू. असं का, ते पुढे येईलच.

खाली पातं म्हणजे पोलादाचा चपटा भाग, पाठ म्हणजे धारेसमोरची जाड कड, मूठ म्हणजे ज्यात पातं मिटतं त्या दोन पट्ट्या. उत्तरं एकमेकांना जोडलेली आहेत, म्हणून प्रश्नांना क्रमांक दिलेत.

१. ट्रंकेत वस्तरा सापडलाय. आधी काय करू?

घासू नका. ब्रासो, लिंबू, चिंच, राख, काहीच नको. आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पात्याच्या मुळाशी कोरलेल्या अक्षरांचा फोटो जवळून काढा.

उघडताना बिजागरी जाम झालेली असते. ओढाताण केली की पातं एकदम सुटतं आणि बोटं कापतात. बिजागरीच्या पिनेवर दोन्ही बाजूंनी शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा, रात्रभर तसंच ठेवा. सकाळी मुळाशी असलेली शेपटी (मुठीबाहेर राहणारी पोलादाची बारीक दांडी) चिमटीत धरून हळूहळू उघडा, पात्याला हात लावू नका. अंगठा फिरवून धार बघायची सवय इथे सोडायची. मग मऊ फडक्यानं पाठीकडून धारेकडे पुसून घ्या. धारेच्या रेषेत, लांबीनं पुसलं की फडकं कापलं जातं आणि त्यामागचं बोटही.

२. नवा करायचा की तसाच वापरायचा, हे ठरवायचं कशावरून?

धारेपासूनच्या दोन-तीन मिलिमीटर पट्टीवरून. बाकीचा वस्तरा दिसायला कसाही असो, दाढी ती पट्टी करते.

मी याच क्रमानं बघतो. पात्याला तडा आहे का (प्रश्न ३)? असला तर विषय संपला, वापरायचा नाही. धारेजवळ गंजाचे खड्डे आहेत का (प्रश्न ४)? टवके किती खोल (प्रश्न ५)? पाठ आणि रुंदी यांचं प्रमाण बिघडलंय का (प्रश्न ६)? मूठ पातं नीट मधोमध झेलते का (प्रश्न ११)? पहिल्या चारांत काही अडलं नाही तर वस्तरा वापरण्याजोगा आहे, मग पातं काळं पडलेलं असो की डागाळलेलं. मूठ सैल असेल तर ती दुरुस्ती करून घ्यायची, त्याला पातं घासावं लागत नाही.

नवं करणं म्हणजे पोलाद खरवडून काढणं, आणि काढलेलं पोलाद परत येत नाही. धार लावताना जाणारं पोलाद केसाच्या जाडीचंही नसतं. पॉलिश करताना अख्ख्या पात्यावरून जातं. म्हणून ज्याला परत फिरता येत नाही ते काम शेवटी. चार-सहा दाढ्या करून बघितल्यावर बऱ्याच जणांना पॉलिशची गरजच वाटत नाही.

३. बारीक रेघ दिसते. तडा आहे की ओरखडा?

रेघ धारेपासून सुरू होऊन पाठीकडे चढत असेल तर तडा समजूनच चला. खात्री करायला घरचीच युक्ती आहे. त्या जागेवर रॉकेल किंवा पातळ मशीन तेल लावा, अर्धा तास थांबा, कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसा. मग वर टाल्कम पावडरचा किंवा खडूच्या भुकटीचा पातळ थर भुरभुरा. तडा असेल तर आत मुरलेलं तेल वर येतं आणि पांढऱ्या पावडरीत ओलसर गडद रेघ उमटते. ओरखड्यात तेल साठत नाही, पावडर कोरडी राहते. कारखान्यांत सुटे भाग तपासायलाही ही पद्धत वापरतात.

दुसरी खूण आवाजाची. पातं मुठीबाहेर काढून शेपटीला हलकं धरा आणि नखानं टिचकी मारा. दोन्ही बाजूंनी खोल कोरलेलं पातळ पातं 'टिंऽऽग' करून वाजतं, तडकलेलं 'टक' करून बसतं. जाड, पाचरीसारख्या पात्याला ही कसोटी लागू पडत नाही, ते धड असूनही फारसं वाजत नाही.

तडकलेला वस्तरा दाढीच्या मधेच मोडू शकतो. फ्रेम करून भिंतीवर लावा.

४. गंज किती असला तर चालतो?

किती यापेक्षा कुठे, हे महत्त्वाचं. रंगही बघा. काळपट, निळसर, करडी झाक ही गंज नव्हे. साध्या कार्बन पोलादावर वर्षानुवर्षांत तशी साय धरते आणि ती पुढच्या तांबड्या गंजापासून थोडं संरक्षणच करते. ती खरवडून काढायचा आग्रह मला कधी समजला नाही.

तांबडा गंज मात्र काढायचा. तेल लावून एक दिवस ठेवा, मग तेलातच भिजवलेल्या अगदी बारीक, चार शून्य (००००) नंबरच्या स्टील वुलनं हलक्या हातानं पुसा. खाली काय उरतं ते सराफाच्या भिंगातून बघा. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. आता खड्डे दिसतील. शिवणाची सुई त्यांवरून आडवी फिरवा, टोक अडकलं तर खड्डा खोल आहे.

पाठीजवळ, पात्याच्या मध्यावर, मुळाशी खड्डे असले तर काही बिघडत नाही. धारेला लागून असले तर मात्र वाईट बातमी. तुम्ही धार लावत खाली जाल तसा प्रत्येक खड्डा धारेवर येऊन उघडा पडेल आणि तिथे धार करवतीसारखी होईल. एखाद-दुसरा खड्डा दोन-तीन वेळच्या धारेत निघून जातो. धारेच्या कडेनं चाळणी झाली असेल तर तो वस्तरा जपून ठेवायचा, चेहऱ्याला लावायचा नाही. असं सांगितलं की लोक नाराज होतात. पण मी आशा दाखवून उपयोग काय?

पातं मिटल्यावर मुठीला जिथे टेकतं तिथेच गंज असेल तर कारण मुठीत असू शकतं. त्यासाठी प्रश्न ११ बघा.

५. धारेचा टवका गेलाय. आता कामाचा नाही का?

टवका नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसत असेल तर तो धार लावतानाच निघतो. अर्धा मिलिमीटर असला तर जाड दगडावर धीरानं काम करावं लागतं. एक मिलिमीटरच्या पुढे गेला की लक्षात घ्या, टवका एका जागी असला तरी पातं टाचेपासून (धारेचा मुठीकडचा शेवट) टोकापर्यंत तेवढंच उतरवावं लागतं. त्यानं रुंदी कमी होते आणि कोन बदलतो (हिशेब पुढच्या प्रश्नात आहे).

टवका अगदी टोकाला असेल तर तेवढं टोक गोल घासून मोकळं होता येतं, आख्खी धार उतरवायची गरज नाही. टाचेकडचा टवकाही कधीकधी असाच सुटतो.

आणखी एक गोष्ट बघा. धार सरळ पट्टीला लावा. मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना किंचित वर गेलेली असेल तर ठीक, काही वस्तरे मुळातच तसे घडवलेले असतात. मधेच दबलेली, म्हणजे पोटात खोलगट असेल तर ती चुकीच्या घासणीची खूण. ती सरळ केल्याशिवाय दाढी नीट होणार नाही, कारण मधला भाग कातडीला टेकतच नाही.

६. पाठ झिजलीय म्हणतात, तिचा दाढीशी काय संबंध?

थेट संबंध आहे. वस्तऱ्याला धार लावताना पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर सपाट टेकवतात. सुरीसारखा कोन हातानं धरायचा नसतो, पाठच तो ठरवते. म्हणून पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांचं प्रमाण म्हणजेच धारेचा कोन.

व्हर्नियर (बारीक माप घेणारी पट्टी) घ्या आणि मोजा. समजा पाठ ४.५ मि.मी. आणि रुंदी १५ मि.मी. भरली, तर धारेचा एकूण कोन सुमारे १७ अंश येतो. हे उत्तम. त्याच पात्यानं टवक्यापायी तीन मिलिमीटर गमावले आणि रुंदी १२ झाली, पाठ मात्र तेवढीच राहिली, तर कोन २१ अंशांच्या वर जातो. दाढी होते, पण ओढल्यासारखी. उलट पाठ फार झिजून कोन १५ च्या खाली गेला तर धार नाजूक होते आणि लवकर मोडते. साधारण १६ ते १९ अंशांत असलं की मी पुढे विचार करत नाही.

जुन्या वस्तऱ्यांची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात. पाच-आठ म्हणजे जवळपास १६ मि.मी., सहा-आठ म्हणजे १९ मि.मी. तुमचा वस्तरा पाच-आठ घडवलेला असून आज १३ भरत असेल तर त्यानं किती हजामती पाहिल्या याचा अंदाज बांधा.

पाठीच्या दोन्ही बाजूंना चपट्या चकाकत्या पट्ट्या दिसतात ती दगडाची झीज. दोन्हीकडे सारखी असेल तर चिंता नाही. एकीकडे दोन मिलिमीटर आणि दुसरीकडे नावाला असेल तर कुणीतरी एकाच बाजूनं रेटलंय, किंवा पातं वाकलंय. पुढची झीज थांबवायला पाठीवर इलेक्ट्रिकच्या चिकटपट्टीचा एक थर लावून धार लावतात. त्यानं कोन साधारण एक अंशानं वाढतो. एकदा पट्टी लावली की दर वेळी लावायची, नाहीतर दगड धारेच्या टोकापर्यंत पोचणारच नाही.

७. मला तो आरशासारखा चमकायला हवाय. एमआयडीसीत बफिंग करून घेऊ?

नको. सगळ्या प्रश्नांत इथे मी सगळ्यात जास्त वेळा 'नको' म्हणतो.

बफिंगच्या चाकावर पातळ पोलाद डोळ्यांदेखत तापतं. वस्तऱ्याला कडकपणा येतो तो पाणी दिल्यामुळे (लाल तापवून एकदम गार केल्यामुळे), आणि त्याचा ताव, म्हणजे नंतरचं बेतानं तापवणं, साधारण दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास ठरवलेला असतो. त्याच्या वर पातं गेलं की पाणी उतरतं. आधी पिवळसर, मग तपकिरी, जांभळा आणि तीनशेच्या सुमारास निळा रंग चढतो. धारेजवळचं पातं कागदासारखं पातळ, त्याला निळं व्हायला दोन-तीन सेकंद पुरतात. चमक येते, वस्तरा मात्र जातो. धार लावाल तशी ती वळेल, टिकणार नाही.

शिवाय चाक पातं हिसकावून घेतं. भांडी, नळ, गाडीचे पार्ट चमकवणाऱ्या कारागिराला धारदार पातळ पात्याची सवय नसते. फेकलं गेलेलं पातं कुठे जाईल ते सांगता येत नाही.

तिसरं, चाक अक्षरं खातं. कारखान्याची छाप, पात्यावरची नक्षी, सोनेरी मुलामा हे सगळं त्या पोलादाच्या सगळ्यात वरच्या थरात असतं. सोनेरी अक्षरं तर साध्या ब्रासोनंही दोन-चार पुसण्यात उडतात.

चमक हवीच असेल तर हातानं करा. पातं मुठीतून सुटं करा, धारेवर जाड टेप लावा, सहाशेपासून दोन हजारापर्यंतचा पाण्याचा पॉलिश पेपर बुचाच्या तुकड्याला गुंडाळून एकाच दिशेनं चालवा. छापेवर हात नको. संध्याकाळच्या संध्याकाळी जातात यात. खोल खड्डे तरीही राहतात. राहू देत.

८. पाणी आधीच उतरलेलं असेल तर कळतं का?

धारेच्या कडेला निळा-जांभळा डाग दिसला तर संशय पक्का. पण कुणी नंतर पॉलिश केलं असेल तर रंग उडालेला असतो. अशा वेळी धार लावूनच कळतं. दगडावर धार चढते, केस कापते, आणि एका दाढीनंतर तिथलाच भाग बोथट होतो. बाकीची धार छान राहते आणि एकच बोटभर पट्टा दर वेळी मरतो, तर तिथलं पोलाद मऊ पडलंय. आगीतून निघालेला वस्तरा असेल तर सगळाच मऊ. पुन्हा पाणी द्यायचं काम लोहाराला सांगू नका. इतकं पातळ पातं वाकतं किंवा तडकतं.

९. सायकलवर सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे येतात. त्यांना दिला तर?

विळी द्या, कात्री द्या, वस्तरा देऊ नका. त्यांचं चाक जाड कणांचं असतं. वस्तऱ्याची धार त्याच्या कितीतरी पट बारीक दगडावर होते आणि पाठ टेकवून होते, चाकावर ते शक्यच नाही.

गावातल्या जुन्या सलूनमध्ये विचारा. आता सगळीकडे अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा चालतो, पण साठीच्या पुढच्या कारागिरांत दगडावर बसून पातं परजलेले लोक अजून आहेत. तुमच्या ओळखीच्या काकांना नुसतं "तुमच्याकडे जुना दगड आहे का?" असं विचारून बघा, गप्पांचा तास जातो. हातातल्या पात्याकडे ते ज्या पद्धतीनं बघतील त्यावरून त्यांना येतं की नाही ते कळेल. येत असेल तर मोबदला विचारून, नीट द्या. हे काम ब्लेड बदलण्याच्या भावात होत नाही.

१०. धार मीच लावणार. काय लागेल, आणि झाली हे कसं ओळखू?

हजार नंबरचा दगड (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक), चार-पाच हजारचा, आठ हजारचा, जमलं तर बारा हजारचा, आणि चामड्याचा पट्टा. दगड पूर्ण सपाट हवेत. मधे खोलगट झालेला दगड प्रश्न ५ मधली पोट दबलेली धार सरळ करू देत नाही, उलट नवे घोटाळे करतो. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून दगड त्यावर घासला की सपाट होतो.

सगळा खेळ हजारच्या दगडावर आहे. तिथे दोन्ही बाजूंचे उतार धारेच्या टोकाशी एकमेकांना भिडले पाहिजेत. ते भिडले नसतील तर पुढे बारा हजार काय, वीस हजार घेतलात तरी धार येणार नाही. तपासायचं असं: दिव्याखाली धार वरच्या बाजूला करून धरा आणि डोळ्यासमोर हळू तिरकी करत बघा. धारेवर कुठेही पांढरी रेघ किंवा ठिपका चमकला, तर तिथे धार नाही, सपाट कड आहे. खरी धार दिसतच नाही. ती रेघ टाचेपासून टोकापर्यंत नाहीशी होईपर्यंत हजारवरून उठायचं नाही.

दगडावर धार पुढे आणि पाठ मागे. पट्ट्यावर उलट, पाठ पुढे आणि धार मागे. पट्ट्याच्या शेवटी पातं उलटवताना पाठीवरून फिरवा, धारेवरून नाही. नवशिके पट्टा इथेच कापतात. दाबू नका, वस्तऱ्याच्या वजनावर चालू द्या. दर दाढीआधी पट्ट्यावर चाळीस-पन्नास फेऱ्या पुरतात. दगड पुन्हा काढायची वेळ काही महिन्यांनी येते.

हाताचे केस उडाले म्हणजे झालं, असं समजू नका. हजारच्या दगडावरही ते उडतात. डोक्याचा एक सुटा केस चिमटीत धरून धारेवर टेकवला आणि तो न ओढता तुटला, तर गालाला लावून बघायला हरकत नाही.

११. मूठ तडकलीय, पिना सैल आहेत. बदलू का?

नुसत्या सैल असतील तर बदलू नका. पिनेचं एक डोकं ऐरणीवर टेकवा आणि दुसऱ्यावर सोनाराच्या लहान हातोडीनं टिकटिक करा. घाव नाही, टिचक्या. दर चार-पाच टिचक्यांनी पातं उघडून-मिटून बघा. मधोमध बसायला लागलं की थांबा.

मूठ शिंगाची असेल तर ती म्हशीच्या शिंगाची असण्याची शक्यता मोठी. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ती सुकते, पापुद्रे सुटतात, कधी किडे पोखरतात. तेल लावून चार दिवस मुरू दिलं की तिच्यात जीव येतो. लाकडी असेल तर सुतार बघून घेईल, नवी करायची तर शिसवी छान दिसते.

खरी काळजी सेल्युलॉइडची. कासवाच्या पाठीसारखी, हस्तिदंतासारखी किंवा रंगीत पारदर्शक दिसणारी, घासली की कापराचा वास येणारी मूठ बहुधा सेल्युलॉइड असते. काही मुठी जुन्या होताना आतून सडतात आणि आम्लाची वाफ सोडतात. ती वाफ नेमकं मुठीत मिटलेलं पातं खाते. पिनांभोवती हिरवट थर, मुठीला बारीक जाळीदार तडे, आंबट झोंबणारा वास आणि मूठ टेकते तिथेच गंज, ही चिन्हं दिसली की पिना कापा आणि पातं वेगळं करा. हे सडणं उलटवता येत नाही, आणि शेजारच्या डब्यातल्या दुसऱ्या वस्तऱ्यालाही लागतं. इथे मूठ बदलण्याला मी कधीच नाही म्हणत नाही. काडी लावून तपासायचा मोह आवरा, सेल्युलॉइड भडकन पेटतं.

जुन्या इंग्लिश मुठींत शेवटच्या टोकाची पाचर शिशाची असते. ती घासू नका, हात लावल्यावर साबणानं धुवा.

१२. मूठ पांढरी आहे, घरात हस्तिदंत म्हणतात. खरं असेल तर?

आधी बघा की आहे का. अगदी सरळ, समांतर, मोजून काढल्यासारख्या रेघा असतील तर ते बहुधा नकली, सेल्युलॉइडचं. बारीक काळे ठिपके, छिद्रं असतील तर हाड. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या रेघांची जाळी दिसते.

खरंच हस्तिदंत निघालं तर त्याची खरेदी-विक्री करायची नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. भारतीय हत्तीच्या दातांचा व्यापार १९८६ च्या दुरुस्तीनं बंद झाला, बाहेरून आलेल्या आफ्रिकन हस्तिदंताचा १९९१ च्या दुरुस्तीनं. वस्तू शंभर वर्षांची आहे म्हणून सूट मिळत नाही. वारशानं आलेली असेल तर वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा. कुरिअरनं कुणाला दुरुस्तीलाही पाठवू नका.

१३. आपल्याकडे हवा कोरडी, मग गंज कसा काय चढतो?

हवेनं नाही, पाण्यानं. दाढी झाल्यावर पिनेपाशी आणि मुठीच्या आत थेंब राहतो, वस्तरा मिटला की तो दिवसभर तिथेच. बोअरचं पाणी असेल तर वाळल्यावर पांढरे डागही पडतात. त्यामुळे पुसायचं काम जास्त मनावर घ्या. टॉवेल तर आपल्या गावचाच आहे, जुन्या टेरी टॉवेलचा तुकडा याला नामी. पातं पुसा, मुठीच्या फटीतून तुकडा ओढून काढा, मग तासभर अर्धवट उघडा ठेवून द्या.

रोज वापरत असाल तर तेल लागत नाही. आठवड्याच्या वर ठेवणार असाल तर मशीन तेलाचा पुसटसा हात. खोबरेल नको, वनस्पती तेलं कालांतरानं चिकट होतात. चामड्याच्या पाकिटात दीर्घकाळ ठेवू नका, ते ओलावा धरतं. पट्टा मात्र उन्हाळ्यात कडक होतो, त्याला तळहातानं रगडत राहा.

१४. कुणाकुणाच्या दाढीला वापरलाय कोण जाणे. एड्स, कावीळ वगैरे?

दशकानुदशकं ट्रंकेत पडलेल्या पात्यावर तो धोका उरत नाही. कावीळ ब चा विषाणू बाहेर कोरड्या जागी सात दिवस तरी तग धरतो, म्हणून काळजी आजच्या वापराची घ्यायची. वस्तरा एकाच माणसाचा. भावाला नाही, मुलाला नाही.

पहिल्यांदा साबणाच्या पाण्यानं पुसा, मग सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस पात्यावर गुंडाळून दहा मिनिटं ठेवा. उकळू नका, मूठ जाते. ब्लीचिंगचं पाणी नको, पातं जातं. स्पिरिट मुठीवर सांडू देऊ नका.

१५. हा किती जुना आहे? घरी म्हणतात जुनी मिलच्या काळातला.

जुनी मिल, म्हणजे सोलापूरची जुनी कापड गिरणी, १८७७ ची, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालली, तेव्हा त्यावरून काही ठरत नाही. मुळाशी कोरलेलं वाचा. आपल्याकडे येणारे बरेचसे वस्तरे इंग्लंडमधल्या शेफील्डचे किंवा जर्मनीतल्या झोलिंगेनचे. चांदणी आणि माल्टीज क्रॉस (टोकांकडे रुंद होत जाणाऱ्या चार हातांचा क्रूस) शेजारी-शेजारी असतील तर शेफील्डची जोसेफ रॉजर्स कंपनी. शहरासोबत देशाचंही नाव असेल तर वस्तरा बहुधा १८९० नंतरचा. ब्रिटनच्या १८८७ च्या आणि अमेरिकेच्या १८९० च्या कायद्यांनंतर मालावर देश लिहायची पद्धत रूढ झाली. 'रोस्टफ्राय' असेल तर स्टेनलेस, म्हणजे नक्की विसाव्या शतकातला. स्टेनलेसची सुरुवात शेफील्डला १९१३ मध्ये झाली. 'झोलिंगेन' या नावाला कायद्याचं संरक्षण १९३८ पासून आहे, त्याआधीच्या छापेवर थोडा संशय ठेवा.

वयानं दाढी बरी होत नाही, एवढंच सांगतो.

१६. आजोबा नाभिक होते. धोकटीत पाच-सहा वस्तरे आहेत, सगळे झिजलेले. कुठला वापरू?

अशा घरातले वस्तरे बहुधा सगळ्यात चांगल्या हातांनी राखलेले असतात. झीज खूप, पण दोन्ही बाजूंना सारखी. पाठ आणि रुंदी जोडीनं कमी झालेली असल्यानं कोन जागेवर राहतो (प्रश्न ६ चा हिशेब करून बघा). म्हणजे १२ मि.मी. उरलेलं पातंही छान चालतं, मिशीच्या कडा कोरायला तर रुंद पात्यापेक्षा सोयीचं. ज्याचा कोन नीट आणि धार सरळ, तो निवडा. बाकीचे तेल लावून ठेवा. यांतल्या एकालाही पॉलिश करू नका. त्या झिजेत आजोबांचा हात दिसतो, तो घालवायला पैसे कशाला द्यायचे?

लोहारानं घडवलेला देशी वस्तरा निघाला तर वेगळं. पाठ जाड, पातं भरीव, कधी दोन्ही बाजू सारख्या नसतात. त्याचा कोन २० च्या वर जाऊ शकतो आणि त्याला वरचे आकडे लावू नयेत. पाठीवर चिकटपट्टी न लावता, होता तसाच दगडावर घ्या.

जपानी पद्धतीचा, मुठीशिवायचा, एकसंध वस्तरा असेल तर त्याच्या दोन बाजू मुद्दाम वेगळ्या असतात. तो दोन्हीकडे सारखा घासून 'सुधारू' नका.

१७. मधुमेह आहे किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. वापरू का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. शिकताना बारीक काप होतातच. चेहऱ्यावर पुटकुळ्या, चामखीळ असतील तरी थांबा.

१८. पहिली दाढी या वस्तऱ्यानं करतोय. काही सांगाल?

पहिले काही दिवस फक्त गाल. हनुवटी आणि गळा साध्या रेझरनं. गरम पाण्याचा टॉवेल, भरपूर साबण, दुसऱ्या हातानं कातडी ताणलेली, पातं चेहऱ्याशी तीस अंशांच्या आसपास, केसांच्या दिशेनं. वस्तरा आडवा सरकवला की कापलंच. ओढ लागत असेल तर दाब वाढवू नका, पट्ट्यावर परत जा. तरीही ओढत असेल तर प्रश्न १०.

१९. विकायचा असेल तर आधी चमकवून घेऊ?

नाही. जाणता घेणारा आधी छाप आणि मूळ पृष्ठभाग बघतो, ताजं पॉलिश दिसलं की खाली काय लपवलंय असं विचारतो. तेल लावून पुसा, प्रश्न ३ ते ६ मधली मापं आणि दोष स्पष्ट लिहा, फोटो उजेडात काढा. हस्तिदंत असेल तर विकायचाच नाही, प्रश्न १२.

२०. मुलाकडे पुण्याला किंवा बाहेरगावी न्यायचाय. प्रवासात चालतो का?

विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, आपल्या होटगी रोडच्या विमानतळावरून बसा की मुंबईहून. चेक-इन सामानात ठेवा. पातं मिटलेलं, वरून पुठ्ठ्याची पट्टी आणि रबर, म्हणजे बॅग तपासणाऱ्याचा हात कापणार नाही. एसटीत किंवा रेल्वेत नेतानाही असाच बांधा. पोचल्यावर तेल पुसून पट्ट्यावर चार फेऱ्या जास्त मारा.